बरे झाले म्हणजे काय झाले?

आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत पूर्वी तीन खुर्च्या होत्या. प्लास्टिकच्या, शेवटच्या सफेला, भिंतीला टेकून ठेवलेल्या. त्यांच्यावर बसून नमाज पढणारी माणसंही ठरलेली. दोघांचे गुडघे गेलेले आणि एकजण ऐंशीच्या पुढचे. ७ ऑक्टोबर २०२१ ला राज्यातली प्रार्थनास्थळं पुन्हा उघडली. त्यानंतरच्या पहिल्या काही जुम्म्यांत मी पाहिलं, खुर्च्या अकरा झाल्या होत्या. बसणाऱ्यांत पन्नाशीचे, पंचेचाळिशीचे लोक होते. एकजण तर माझ्या वर्गातला. आम्ही दोघं मुरूडच्या शाळेत बरोबर होतो आणि तो माझ्यापेक्षा चांगला पोहायचा. राजपुरीच्या खाडीत होडीमागून पोहत जाणारा माणूस सजद्यात गेला की त्याला परत उठताना दम लागायचा. रमजानात तरावीहच्या वीस रकात तो चार-चार करून, मध्ये बाहेर ओट्यावर बसून पूर्ण करायचा. नंतर नंतर आठच पढून घरी जायला लागला.

खुर्चीवर बसून नमाज पढायची मुभा आहे, त्यात वाद नाही. ज्याला उभं राहवत नाही त्याने बसून पढावं, बसवत नसेल त्याने आडवं होऊन पढावं, इतकी सवलत आपल्याला दिलेली आहे. पण सवलत म्हणजे इलाज नव्हे. मशिदीने खुर्ची दिली, आपलं काम केलं. ज्यांचं काम इलाज करण्याचं होतं त्यांनी काय केलं, हा माझा प्रश्न आहे. आणि तो विचारायला मला चार वर्षं लागली, याची लाजही आहे.

लाज अशासाठी की मी खुर्च्या मोजत होतो आणि घरातलं माणूस मोजत नव्हतो. मशिदीत मोजता येतात ते पुरुष. बाईने नमाज उभ्याने पढली की बसून, हे तिच्या खोलीतल्या भिंतींना माहीत. माझी थोरली बहीण, आपा, एप्रिल २०२१ मध्ये तेरा दिवस हॉस्पिटलात होती. वय तेव्हा सेहेचाळीस. व्हेंटिलेटर लागला नाही, पण ऑक्सिजन लागला, स्टेरॉइड लागलं, आणि त्यानंतर साखरही लागली ती आजतागायत आहे. मेव्हणे कुवेतला. विमानं बंद, ते येऊ शकले नाहीत. बेड मिळवण्यासाठी मी किती फोन केले ते सांगत बसत नाही, त्या महिन्यात ज्याने फोन केले नाहीत असं कोकणात घर नाही. हॉस्पिटलचं नावही लिहीत नाही. तिथल्या नर्सेसनी जीव तोडून काम केलं आणि माझी बहीण जिवंत घरी आली, हे मी विसरलेलो नाही.

घरी आली तेव्हा दारात शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. हातात एक कागद होता. त्यावर सात दिवस वेगळं राहा, गोळ्यांची नावं, वाफ घ्या, ताप आल्यास संपर्क साधा. बस. चालायचं किती, कधी, जिना चढायचा की नाही, ऑक्सिजन किती खाली गेला की थांबायचं, पुन्हा कधी दाखवायचं, यातलं एक अक्षर नव्हतं. सहाव्या दिवशी आपा चुलीपुढे होती. पंधराव्या दिवशी विहिरीवर. कोणी म्हणालं नाही की तू जा. कोणी म्हणालं नाही की जाऊ नको, हेही तितकंच खरं. मी विचारलं की ती म्हणायची, ‘मना काय झालाय? बरी हाय मी.’ आणि हंडा अर्ध्या वाटेत खाली ठेवून उभी राहायची. आम्हाला वाटलं वय झालं. सेहेचाळीस!

आता या ‘बरी हाय’चं सरकारी रूप पाहा. त्या दोन वर्षांत रोज संध्याकाळी आकडे यायचे. आज इतके बाधित, इतके मृत, इतके कोरोनामुक्त. महाराष्ट्रात सगळी साथ मिळून ८० लाखांहून जास्त रुग्णांची नोंद झाली, मृत्यू १ लाख ४८ हजारांच्या आसपास नोंदले गेले, आणि बरे होण्याचं प्रमाण ९८ टक्के सांगितलं गेलं. या ९८ टक्क्यांत आपा आहे. माझा वर्गमित्रही आहे. कारण ‘बरा झाला’ याची व्याख्या एवढीच होती की तो मेला नाही आणि त्याला घरी सोडलं. मे २०२० मध्ये केंद्राने डिस्चार्जचे नियम बदलले. मध्यम आजाराच्या रुग्णाला लक्षणं दिसल्यापासून दहा दिवस झाले, ताप उतरला आणि ऑक्सिजनशिवाय श्वास घेता येऊ लागला की चाचणी न करता सोडा, असं ठरलं. बेड कमी होते, माणसं दारात मरत होती, त्या घडीला हा नियम मला चुकीचा वाटत नाही. पण बेड रिकामा करण्याचा नियम हीच बरं होण्याची व्याख्या झाली, आणि साथ गेल्यावरही कोणी ती दुरुस्त केली नाही. हॉस्पिटलच्या फाटकावर सरकारने आपलं खातं बंद केलं. पुढचं सगळं देणं घराच्या नावावर चढलं.

कोणी म्हणेल, नवा आजार होता, कोणाला काय माहीत. हे साफ खोटं आहे. फुप्फुसं निकामी होऊन अतिदक्षता विभागात पडलेली माणसं घरी गेल्यावर त्यांचं काय होतं, याचा अभ्यास कॅनडातल्या टोरांटोच्या डॉक्टरांनी २००३ सालीच प्रसिद्ध केला होता. १०९ माणसं, सरासरी वय पंचेचाळीस. वर्षभराने त्यांची फुप्फुसं बऱ्यापैकी सावरली होती. पण सहा मिनिटांत ती जितकं चालायला हवी होती त्याच्या ६६ टक्केच चालत होती आणि कामावर परतली होती जेमतेम निम्मी. कारण फुप्फुसांपेक्षा स्नायूंनी दगा दिला होता. याच गटाचा पाच वर्षांनंतरचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला, त्यातही चालणं ७६ टक्क्यांवरच अडकलेलं. स्नायू किती लवकर झडतात हेही ठाऊक होतं. लंडनच्या डॉक्टरांनी २०१३ साली मोजून दाखवलं की अतिदक्षता विभागातल्या पहिल्या दहा दिवसांत मांडीच्या पुढच्या स्नायूचा छेद सुमारे १८ टक्क्यांनी घटतो. आपा व्हेंटिलेटरवर नव्हती, तिचं इतकं झालं नसेल. पण तेरा दिवस पालथं पडून राहिलेल्या, स्टेरॉइड घेतलेल्या बाईची मांडी विहिरीच्या पायऱ्यांवर का थरथरते, याचं उत्तर २०२१ च्या कितीतरी आधी छापून आलेलं होतं. ते उत्तर मुरूड तालुक्यात पोचलं नाही.

कोविडचं म्हणाल तर चीनमध्ये वुहानच्या हॉस्पिटलातून सुटलेल्या १,१९२ माणसांचा दोन वर्षं पाठपुरावा झाला. सहा महिन्यांनी त्यांतल्या ६८ टक्क्यांना काही ना काही त्रास होता, दोन वर्षांनी ५५ टक्क्यांना. सगळ्यांत जास्त तक्रार थकव्याची आणि स्नायूंतल्या अशक्तपणाची. इथे मी आकडा लपवणार नाही. याच अभ्यासात ८९ टक्के लोक दोन वर्षांनी आपल्या जुन्या कामावर परतलेले होते. म्हणजे बहुतेक माणसं सावरतात. मग ओरड कशासाठी, असं माझ्या एका डॉक्टर मित्राने मला विचारलं. तो चांगला माणूस आहे, म्हणून त्याला इथेच उत्तर देतो. कामावर परतणं आणि काम झेपणं या दोन गोष्टी आहेत. आपासुद्धा ‘कामावर’ परतली होती, सहाव्या दिवशी. तिला रजा देणारं कोण होतं? आणि दुसरं म्हणजे आपल्या देशातली फुप्फुसं वुहानच्या हिशेबात बसत नाहीत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने पहिल्या लाटेतल्या २०७ रुग्णांना तपासलं. ४४ टक्क्यांच्या फुप्फुसांची रक्तात ऑक्सिजन उतरवण्याची ताकद कमी झालेली आढळली. ३५ टक्क्यांची फुप्फुसं पुरती फुगत नव्हती. युरोप आणि चीनच्या रुग्णांशी तुलना करता आपले रुग्ण जास्त बिघडलेले होते, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. आधीचा टीबी असो, साखर असो, चुलीचा धूर असो, कारणं काहीही धरा. चूल म्हटल्यावर मला आपाचं स्वयंपाकघर दिसतं.

बायकांविषयी एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. ब्रिटनमध्ये हॉस्पिटलातून घरी गेलेल्या रुग्णांना पाच महिन्यांनी आणि पुन्हा वर्षाने विचारलं, तुम्ही पूर्ण बरे झालात का? दोन्ही वेळा दहातल्या जेमतेम तिघांनी हो म्हटलं. आणि ‘हो’ म्हणण्याची शक्यता बायकांमध्ये पुरुषांपेक्षा कमी होती. तिथे निदान विचारलं तरी! आमच्या किनाऱ्यावर अर्ध्या घरांत मर्द माणूस कुवेत, दुबई, सौदी नाहीतर बोटीवर. घर, वाडी, सासू, मुलं, बँक, सगळं बाईच्या डोक्यावर. तिने सांगावं कोणाला की मला दम लागतो? फोनवर नवऱ्याला सांगितलं तर तो तिकडे झोपणार नाही, म्हणून तिथे सांगायचं नाही. सासूला सांगितलं तर ‘आम्ही नाही का केलं’. डॉक्टरला सांगायला तालुक्याला जायचं तर एक दिवस मोडतो. म्हणून ती ‘बरी हाय’ म्हणते आणि आपण सगळे, मी पहिला, त्यावर विश्वास ठेवतो, कारण तो ठेवणं सोयीचं असतं.

मेलेल्यांचा हिशेब तरी नीट झाला का? इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चने देशातल्या ३१ हॉस्पिटलांतून सुटलेल्या १४,४१९ रुग्णांची फोनवरून वर्षभर विचारपूस केली. त्यांतले साडेसहा टक्के वर्षाच्या आत वारले. हॉस्पिटलात नाही, सुटून गेल्यावर. दर शंभर ‘बऱ्या झालेल्यां’तले सहा-सात. आता दुसरीकडे पाहा. सर्वोच्च न्यायालयाने कान धरल्यावर सरकारने कोविड मृताच्या वारसाला ५० हजार रुपये द्यायचं कबूल केलं, ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याला न्यायालयाची मंजुरी मिळाली. अट काय? चाचणीपासून तीस दिवसांच्या आत मृत्यू व्हायला हवा. तीस दिवसांनंतर झाला तर माणूस तेव्हाही हॉस्पिटलातच दाखल असायला हवा. म्हणजे जो घरी गेला, तीन महिने खोकत राहिला आणि एका पहाटे गेला, तो कोविडने गेला नाही. तो ‘बरा होऊन’ गेला. आमच्या शेजारच्या गावात अशी एक मय्यत मी स्वतः उचललेली आहे. त्याच्या बायकोने अर्ज केला नाही. करून काय करणार होती?

आणि जे मेले नाहीत, पण पूर्ण जगतही नाहीत, त्यांच्यासाठी तर अर्जाचा नमुनाच नाही. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार आहेत. मी यादी दोनदा वाचली. फुप्फुस त्यात नाही. पाय गेला तर दाखला मिळतो, पण पाय शाबूत असून वीस पावलांवर दम संपत असेल तर मिळत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना साथीत सगळ्यांसाठी खुली केली, हे चांगलंच झालं, पण ती उभी आहे दाखल होण्याभोवती, ऑपरेशनाभोवती, पॅकेजाभोवती. घरी आलेल्या माणसाला आठ आठवडे व्यायाम शिकवायचा तर त्याचं पॅकेज कोणतं? माझ्या ओळखीचा एक तरुण पुन्हा आखातात जायला निघाला. व्हिसासाठीच्या मेडिकलमध्ये छातीच्या एक्स-रेवर डाग दिसले आणि ‘अनफिट’चा शिक्का बसला. इथलं सरकार म्हणतं तू बरा आहेस, तिथलं म्हणतं तू बरा नाहीस. मध्ये त्याचं कर्ज.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्यावरून गेलं. मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा, सगळीकडे सुपारीच्या वाड्या झोपल्या. तेव्हा तलाठी आले, ग्रामसेवक आले, कृषी सहायक आले. पंचनामे झाले. झाडं मोजली. भरपाई हेक्टरी द्यायची की झाडामागे, यावर महिनोन्महिने वाद चालला. भरपाई तुटपुंजी होती आणि लोक रागावले, ते रास्तच होतं. पण मोजणी झाली! पडलेली पोफळ सरकारी कागदावर पडलेली म्हणून लिहिली गेली. पुढच्याच वर्षी त्याच वाड्यांतली माणसं पडली, त्यांचा पंचनामा कोणी केला? पोफळीचं नवं रोप फळाला यायला सहा-सात वर्षं घेतं, हे आमच्याकडे पोराला माहीत असतं. म्हणून कोणी दुसऱ्या वर्षी वाडीवर ओरडत नाही की तू अजून बरी कशी झाली नाहीस.

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने कोविडनंतर काय करावं याची पत्रिका काढली. त्यात सकाळी च्यवनप्राश, हळदीचं दूध, गुळण्या, योगासनं, प्राणायाम, झेपेल तसं सकाळ-संध्याकाळ चालणं. हळदीच्या दुधाशी माझं भांडण नाही, माझ्या आजीने मला ते पाजलेलं आहे. पण ‘झेपेल तसं’ म्हणजे किती हे ज्याला कळत नाही त्यालाच तर मदत हवी असते. पुढच्या वर्षी डॉक्टरांसाठी सविस्तर मार्गदर्शक सूचनाही निघाल्या, त्यांत श्वसनाच्या व्यायामाचंही आहे. पण सूचना कागदावर असते, आणि फिजिओथेरपिस्ट माणूस असतो. तो तालुक्याच्या हॉस्पिटलात आठवड्यातून एकदा तरी येऊन बसायला हवा की नको?

आणि ‘आपल्याकडे यंत्रणाच नाही’ हे तर कोणी मला सांगूच नये. सप्टेंबर २०२० मध्ये याच राज्याने ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम काढली होती. आशाताई आणि स्वयंसेवक हातात ऑक्सिमीटर आणि तापाची बंदूक घेऊन दारोदार फिरले. आमच्या उंबऱ्यावर येऊन त्यांनी माझ्या आईचं बोट मोजलं. म्हणजे घरोघरी जाऊन ऑक्सिजन मोजण्याची ताकद आपल्यात होती. आजार पकडण्यासाठी ती वापरली. आजारातून उठलेल्याकडे पुन्हा एकदा जाण्यासाठी वापरली नाही. (हे काम पुन्हा आशाताईंच्या गळ्यात फुकटात मारा, असं मी सुचवत नाही. जून २०२१ मध्ये त्यांनी मोबदल्यासाठी संप केला तेव्हा त्यांना टाळ्यांपलीकडे काय मिळालं होतं हे आपण पाहिलं आहे.)

आता आपल्याकडे वळतो. या ब्लॉगचे नेहमीचे वाचक म्हणतील की सरकारला झोडणं सोपं आहे, आणि ते बरोबरच आहेत. आपल्या जमातीने त्या वर्षी जे केलं त्याचा मला अभिमान आहे. ऑक्सिजनचे सिलिंडर मशिदीच्या आवारातून वाटले, कोणाचा धर्म न विचारता. ज्यांच्या मयतीला घरचे आले नाहीत त्यांना पोरांनी खांदा दिला. वर्षभरापूर्वी तबलीगच्या नावाने साथीचं खापर आपल्यावर फोडलं गेलं होतं, आणि ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते गुन्हे रद्द करताना या लोकांना बळीचा बकरा केल्याचं म्हटलं होतं, हे सगळं पोटात ठेवून पोरांनी ते काम केलं. पण आपलाही हिशेब फाटकाशी संपला. सिलिंडर दिला, कफन दिलं, राशन दिलं. माणूस जगला की आपल्या जकातीच्या यादीतून उतरला. जगलेल्याला सहा महिने कोणी विचारायचं असतं, ही गोष्टच आपल्या डोक्यात नाही. त्याला आपण सांगतो, सब्र कर. सब्र म्हणजे हातपाय न हलवणं, असा अर्थ कोणी लावला?

दुसरी गोष्ट जास्त वाईट आहे. आज आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कोणालाही दम लागला, कोणी चाळिशीत अचानक गेला, की एकच उत्तर येतं. लस! आयसीएमआरने १८ ते ४५ वयातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला. निष्कर्ष असा की कोविडने हॉस्पिटलात राहून आलेल्यांना धोका जास्त होता आणि लसीचे दोन डोस घेतलेल्यांना कमी. म्हणजे ज्याच्यावर नजर ठेवायची तो माणूस नेमका कोण हे संशोधनाने बोट दाखवून सांगितलं, आणि आपण त्या बोटाकडे पाठ करून अफवेमागे गेलो. लसीला शिव्या देऊन कोणाचा दम कमी होणार नाही. उलट खरा रुग्ण डॉक्टरकडे जायचा राहतो, कारण त्याला वाटतं की आता लस तर परत काढता येत नाही.

आपाला मी २०२३ मध्ये मुंबईला नेलं. उशिरा, खूप उशिरा. मुरूडहून अलिबाग पन्नास किलोमीटर, तिथून मांडवा, मांडव्याहून बोटीने भाऊच्या धक्क्याला. धक्क्यावरून वर चढताना ती दोनदा थांबली आणि दोन्ही वेळा समुद्राकडे बघायचं निमित्त केलं. तिथे फुप्फुसांची ती तपासणी झाली जी आमच्या तालुक्यात होत नाही. ताकद ५८ टक्के आली. डॉक्टरीणबाईंनी सीटी स्कॅन पाहिला, डाग जुने आहेत म्हणाल्या, वाढत नाहीत म्हणाल्या, आणि मग एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे पाठवलं. त्या मुलीने आपाला खुर्चीत बसवलं आणि उभं राहायला सांगितलं. बस, ऊठ, बस, ऊठ, एक मिनिट. बोटाला ऑक्सिमीटर. किती वेळा उठता येतं आणि ऑक्सिजन किती उतरतो, तेवढंच पाहायचं होतं. आपाचं अकरा झालं. त्या वयाच्या निरोगी बाईला तीसच्या वर सहज जमतं, असं ती मुलगी म्हणाली. मग आठ आठवड्यांचा कार्यक्रम. चालणं किती मिनिटं, मग विसावा, पाण्याची लिटरची बाटली हातात घेऊन दंडाचे व्यायाम, श्वास सोडताना ओठ कसे ठेवायचे, हंडा उचलताना श्वास कधी सोडायचा. दोन वेळा प्रत्यक्ष आणि बाकी सगळं व्हिडिओ कॉलवर. ज्या फोनवरून ती रोज कुवेतला बोलते त्याच फोनवर.

हे काही त्या मुलीच्या मनातलं नव्हतं. ब्रिटनमध्ये हॉस्पिटलातून सुटून तीन महिन्यांहून जास्त काळ लोटलेल्या ५८५ लोकांवर नेमकी अशी चाचणी झाली. आठ आठवडे, गटाने, ऑनलाइन व्यायाम आणि बोलणं. वर्षभराने त्यांचं जगणं नुसता सल्ला मिळालेल्यांपेक्षा सुधारलेलं होतं. २०२४ साली ते प्रसिद्ध झालं. फरक फार मोठा नव्हता, खरं तेच सांगतो. पण तो मिळाला तो औषधाशिवाय, मशिनशिवाय, घरबसल्या. आपाचं अकराचं आठ आठवड्यांनी एकोणीस झालं. आज चोवीसवर आहे. फुप्फुसाचा आकडा फारसा बदललेला नाही. मांडी बदलली. ती आता विहिरीवरून हंडा न टेकवता आणते, आणि मला सांगते की तू उगाच खर्च केलास.

जे २०२३ मध्ये झालं ते जून २०२१ मध्ये का नाही झालं, यावर मला कोणाची सबब ऐकायची नाही. दोन वर्षं ही बाई आपल्याला ‘वय झालं’ समजत जगली. त्या दोन वर्षांत तिने धाकट्या मुलीचं लग्न केलं आणि लग्नात सगळा वेळ बसून होती. फोटोत दिसतं. पाहुण्यांनी कुजबूज केली की नवरी मुलीची आई नाराज दिसते.

साथ संपली, आता जुनं का उकरता, असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ ला आणीबाणी उठवली, विषाणू उठून गेलेला नाही. स्वाईन फ्लूही गेला नाही. २००९ साली पुण्याने देशातला त्याचा पहिला मृत्यू पाहिला, आणि आजही पावसाळ्यात त्याचे रुग्ण ऑक्सिजनवर जातात. टीबीचा ‘उपचार पूर्ण’ झालेला माणूस तर कितीतरी वर्षं आपल्या गल्लीत असाच खोकत बसलेला आहे आणि त्यालाही आपण बराच म्हणतो. या सगळ्यांना लागणारी गोष्ट एकच आहे. तालुक्याच्या हॉस्पिटलात आठवड्याचा एक ठरलेला वार. फिजिओथेरपिस्ट. तीस मीटरचा व्हरांडा, जो प्रत्येक सरकारी इमारतीला असतोच. घड्याळ. ऑक्सिमीटर, जे २०२१ मध्ये घरोघरी घेतले आणि आता कपाटात सेल गंजून पडले आहेत. आणि डिस्चार्जच्या कागदावर तीन तारखा, सहा आठवड्यांची, सहा महिन्यांची, वर्षाची. निदान ऑक्सिजनवर राहिलेल्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर. यात कोट्यवधींचं काय आहे?

मागच्या महिन्यात आम्ही मशिदीच्या शेजारच्या मदरशाच्या हॉलमध्ये एका इतवारी खुर्ची मांडली. मशिदीतलीच एक. आपाची ती फिजिओथेरपिस्ट मुलगी मुंबईहून आली. पैसे घेत नव्हती, बोटीचं तिकीट तेवढं काढू दिलं. सकाळी पुरुष आणि दुपारी बायका, दोन्ही वेळा हॉल सगळ्यांना खुला. ज्यांना हृदयाचा त्रास होता त्यांना तिने खुर्चीवर चढवलंच नाही, चिठ्ठी देऊन अलिबागला धाडलं. बाकीच्यांचं एक मिनिट मोजलं. माझा वर्गमित्र आला, चौदा झाले, बोटावरचा आकडा नव्वदच्या खाली उतरला तेव्हा तिने थांबवलं. बायका सुरुवातीला दोनच आल्या. मग आपा मोहल्ल्यात फिरून सात जणींना घेऊन आली, त्यांत खालच्या आळीतल्या दोन कोळणी होत्या. कोणालाच आधी मोजलेलं नव्हतं.

वहीत सतरा नावं आहेत. नाव, हॉस्पिटलात किती दिवस, ऑक्सिजन लागला का, आज किती वेळा उठता आलं, सुरुवातीचा आणि शेवटचा ऑक्सिजन. त्या पानांची झेरॉक्स आणि आठवड्याच्या त्या एका वाराची मागणी असा अर्ज आम्ही तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात दिला आहे. पोच घेतली आहे, शिक्क्यासकट. उत्तर आलं की इथे लिहीन. तोवर तुमच्या घरात त्या वर्षी ऑक्सिजनवर राहून आलेलं जे कोणी असेल, विशेषतः जी कोणी असेल, तिला विचारा की हंडा कुठे टेकवतेस.